भूत न आलेला सिनेमा

"आधी सूप नीट मांडीवर घे, मग सांगते," शकूवहिनी म्हणाली. "घाबरून तंबाखू सांडशील."

"मी नाही घाबरत."

"परवा पाल पडली तेव्हा गल्ली कुणी गोळा केली गं रत्ने?" यमुनामावशी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मी सूप मांडीवर ओढलं. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती आणि आमच्या ओट्यावर आम्ही पाचजणी विड्या वळत बसलो होतो. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सवय झाली की हात आपले आपण चालतात. कान रिकामे राहतात. म्हणून कुणीतरी काहीतरी सांगत राहावं लागतं, आणि त्या महिन्यात शकूवहिनी सिनेमा सांगत होती.

पाचजणी म्हणजे कोण ते सांगते. मी, सोळा वर्षांची, दहावीत गणितात गेलेली. माझी आई. समोरच्या यमुनामावशी, बारा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, तोंडाने फटकळ. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बनाबाई व त्यांची सून शकूवहिनी. वहिनीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. माहेर वैजापूर. बनाबाईंचा मुलगा सुदाम विडी कारखान्याच्या शाखेत चेकर होता. आम्ही वळलेल्या विड्या त्याच्यासमोर जायच्या. तो पास म्हणाला तर पास. नाही आवडली की छाट, आणि छाट विडीची मेहनत पाण्यात. गल्लीतल्या सगळ्या बाया त्याला सुदामभाऊ म्हणायच्या. त्याच्याहून दुप्पट वयाच्यासुद्धा.

सिनेमा, पहिला दिवस.

मोठा बंगला. नवी नवरी माप ओलांडून आत येते. सगळं छान आहे. फक्त स्वयंपाकघराची एक भिंत. तिला नुकताच चुना दिलाय. नवरी बघते तर चुन्याखालून काळं वर येतंय. ती पुसते. पुन्हा चुना देते. चार दिवसांनी पुन्हा काळं.

"बंगल्याला चुना?" मी म्हणाले. "बंगल्याला ऑइल पेंट असतो."

"तू गेली होतीस का रंगवायला?" यमुनामावशी म्हणाल्या. "सांग गं शकू. मग?"

"मग उद्या."

सिनेमाचं नाव विचारलं की वहिनी दर वेळी वेगळं सांगायची. कधी त्यात हवेली असायची, कधी रात. पण स्टँडवरच्या भिंतीला पोस्टर लागलं होतं, भिंतीतून बाहेर आलेला हात आणि त्याची लांब नखं. तोच का, असं मी विचारलं तर म्हणाली, हो, तोच.

सिनेमा, दुसरा दिवस.

नवरा दिसायला चांगला. बाहेर फार गोड बोलतो, सगळ्यांची विचारपूस करतो. घरी आला की चपला काढतो आणि कुणाशी एक शब्द न बोलता सरळ स्वयंपाकघरात जातो. रॉकेलचा डबा उचलतो. कानाशी धरून हलवतो. किती उरलंय ते ऐकतो. खाली ठेवतो. मग बाहेर येऊन चहा मागतो.

"एवढंच?" मी म्हणाले.

"रोज," वहिनी म्हणाली.

"आणि भूत?"

"येईल ना. घाई काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्टोव्हमध्ये रॉकेल घालायला सांगितलं. मी डबा उचलला. आत डचमळलं. मी तो तसाच खाली ठेवला आणि आईला म्हणाले, तूच घाल.

सिनेमा, तिसरा दिवस.

नवरीला कळतं की या घरात तिच्या आधी एक होती. कुणी नाव घेत नाही. माळ्यावर ट्रंकेत तिचं एकच जोडवं सापडतं. नवरी ते कनवटीला लावते. शेजारी एक बाई राहते. चांगली बाई आहे, वाटीभर आमटी देते, बाळंतपणाचे लाडू देते. पण आधीची जेव्हा किंचाळत होती तेव्हा या शेजारणीने रेडिओ मोठा केला होता.

"म्हणजे ती शेजारीण पण भुताच्या बाजूची असते?" मी विचारलं.

यमुनामावशी हसल्या. मग त्यांचं हसू मध्येच बंद पडलं. आईच्या हातातलं पान फाटलं. तिने ते बाजूला टाकलं, दुसरं घेतलं, तेही फाटलं.

"पानं वाळलीत," आई म्हणाली. "रत्ने, पाणी शिंपड जरा."

मग बनाबाई बोलल्या. त्या फारशा बोलत नसत. "काय गं शकू, या सिनेमात सासू नाही का?"

वहिनी थोडा वेळ वळत राहिली. "आहे की आत्याबाई."

"ती काय करते?"

"ती आंधळी आहे."

"आंधळी," बनाबाई म्हणाल्या. "बरं."

इथे थोडं थांबते. माझी भाची गेल्या महिन्यात मित्रमैत्रिणींना घेऊन आली होती. जेवताना पोरं एकमेकांना विचारत होती, तू पाहिलेला सगळ्यात भयंकर सिनेमा कुठला? एकाने परदेशी नाव सांगितलं, दुसऱ्याने कोरियन. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझा ओट्यावर बसून पाहिलेला आहे. पडदा नव्हता. पोरं म्हणाली, मावशी, सांग ना. मी त्यांना जे सांगितलं त्यात मी शहाणी होते. मला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं आणि मीच धावत जाऊन वहिनीच्या भावाला निरोप दिला, असं सांगितलं.

तसं काहीही झालं नव्हतं. मला कळलं नव्हतं. ओट्यावर तो सिनेमा आहे असं समजणारी मी एकटीच होते.

सिनेमा, शनिवार. सांगणारी बदलते.

"थांब शकू," यमुनामावशी म्हणाल्या. "हा सिनेमा मी पाहिलाय."

आम्ही सगळ्यांनी मान वर केली. मावशी नवरा गेल्यापासून टॉकीजची पायरी चढल्या नव्हत्या.

"कधी पाहिला?" मी विचारलं.

"तुला नाक पुसायचं कळत नव्हतं तेव्हा."

"अहो, पण पोस्टर नवीन आहे!"

"सिनेमा जुना, कागद नवा. गप बस. तर पुढं असं होतं. त्या हिरोइनीला एक भाऊ असतो. कुठं असतो गं शकू?"

वहिनीचा हात हळू झाला. "वैजापूरला."

"हां. वैजापूरला. तर गुरुवार असतो, बाजाराचा दिवस. स्टँडवर ही गर्दी. कोण कुठं चाललंय कुणी बघत नाही. हिरोइन डोक्यावर टोपली घेते आणि विड्या द्यायला चालले म्हणून निघते. टोपलीत विड्या नसतातच. दोन लुगडी आणि भाकरी. अकराची कोपरगाव गाडी, तिथून पुढं वैजापूर."

"मावशी, हिरोइन विड्या वळते?"

"गरीब असते."

"एवढ्या मोठ्या बंगल्यात राहून?"

"बंगला नवऱ्याचा असतो. हिचा कुठं?"

वहिनीने विडीचं तोंड दुमडलं. दोरा गुंडाळायला विसरली. "आणि मावशी, तिला स्टँडवर सोडायला कोण असतं?"

सिनेमा तिचा, आणि विचारत ती होती. मला हे फार विचित्र वाटलं.

"असते एक म्हातारी," यमुनामावशी म्हणाल्या. "तोंडाळ असते. पण गाडीत नीट बसवून देते."

बनाबाई विड्यांचा कट्टा बांधत होत्या. पंचवीस विड्या, वर दोरा, गाठ. त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

मला राग आला होता. इतके दिवस मी भुताची वाट बघत होते आणि या दोघी मिळून एसटीचं वेळापत्रक सांगत होत्या. मंगळवारी मी मामेबहिणीबरोबर तीनच्या खेळाला जाऊन तो सिनेमा बघून आले. पोस्टरवरचा, नखांचा. हिरोची मोटारसायकल होती, चार गाणी होती. भूत रबराचं होतं. ते वळलं की मानेमागे चेन दिसायची, पँटला असते तशी. मामेबहीण ओरडत होती. मी हसत होते. हसताना मला आतून फार बरं वाटत होतं, की उद्या ओट्यावर मी यांना पकडणार.

बुधवार.

"वहिनी, मी सिनेमा बघून आले."

"कुठला गं?"

"तुमचाच. नखांचा." मी सूपसुद्धा हातात घेतलं नव्हतं. "त्यात चुना नाही. रॉकेलचा डबा नाही. जोडवं नाही. रेडिओ नाही. तुम्ही पाहिलाच नाही तो. आणि मावशी, तुम्ही पण! वैजापूरचा भाऊ, गुरुवार, अकराची गाडी, टोपलीत लुगडी, असलं काही म्हणजे काहीच नाही त्यात!"

एका दमात बोलले. बनाबाईंच्या समोर, आणि हा सिनेमा नाहीच असं सांगून. गुरुवार, अकराची गाडी, टोपलीत लुगडी.

वहिनीची कात्री पानात अर्धी शिरून थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग कसा गेला ते मी पाहिलं आणि तेव्हाही मला वाटलं, खोटं पकडलं म्हणून गेला.

"रत्ने, आत जा," आई म्हणाली.

"थांब," बनाबाई म्हणाल्या. "बोलू दे तिला. डबा नाही म्हणालीस?"

"नाही."

"आणि सासू?"

"सासू आहे. पण आंधळी नाही. चांगलं दिसतं तिला."

गल्लीच्या टोकाला कल्हईवाला ओरडत होता. तो ओरडून पुढे गेला. बनाबाईंनी मांडीवरचं सूप उचललं आणि खाली ठेवलं. सावकाश उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या त्या.

"शकू, ऊठ. घरी चल."

वहिनी उठली. विरोध नाही, काही नाही. पदरात पडलेला तंबाखू तिने झटकला आणि उठली.

"बनाबाई, बसा," आई म्हणाली.

माझी आई कुणाला कधी बसा-उठा सांगणारी नव्हती. आवाज इतका हळू होता की बनाबाई थांबल्या त्या ऐकायलाच.

"हा सिनेमा मी पाहिलाय."

"तूसुद्धा?" मी म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

"तुमची माझी भिंत एक आहे," आई म्हणाली. "रंजनाने तीनदा हाक मारली. काकू, काकू, काकू. मी मोजलं. मग मी रेडिओ मोठा केला. हवालदार आला तेव्हा त्याला सांगितलं, स्टोव्ह भडकला असेल. भडकला असेल म्हणाले होते. त्याने भडकला असं लिहिलं. मी अंगठा दिला." तिने आपल्या सुपातल्या विड्यांवर हात ठेवला. "त्या दिवसापासून सुदाम माझ्या विड्या बघत नाही. न बघता पास करतो. सहा वर्षं झाली बनाबाई. माझी एक विडी छाट निघालेली नाही."

रंजनावहिनी, सुदामभाऊची पहिली बायको, मला आठवत होत्या. त्या गेल्या तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि दुसऱ्याच दिवशी आईने मला आठ दिवस आजोळी पाठवलं होतं. स्टोव्ह भडकला, एवढंच मला माहीत होतं. घरोघरी स्टोव्ह होते.

पुन्हा सांगते, कारण तेव्हा मला ते पुन्हा बघावं लागलं. स्वयंपाकघर. भिंत. चुन्याखालून काळं. सुदामभाऊ चपला काढतो. भिंतीपलीकडे आम्ही, मी पाटीवर पाढे लिहितेय, आई रेडिओजवळ उभी. यात कुठेही बंगला नाही. मी इतके दिवस ज्याला घाबरत होते त्याच्या अगदी शेजारच्या खोलीत मी होतेच.

यमुनामावशी म्हणाल्या, "मीही सांगते मग. मी दार उघडं ठेवून बसले होते तेव्हा. धूर दिसला. मी दार लावून घेतलं."

सगळ्या बनाबाईंकडे बघत होत्या. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. वहिनीच्या पायांकडे बघत होत्या.

"मी सगळ्यांना सांगितलं, देवळात गेले होते," बनाबाई म्हणाल्या. "नव्हते गेले. ओट्यावर होते. दाराला पाठ लावून बसले होते."

मग त्या म्हणाल्या, "उद्याचा गुरुवार कशाला पाहिजे? आज कितीची गाडी आहे?"

"दोनची," यमुनामावशींनी सांगितलं.

"तो चारला येतो."

एवढंच बोलून त्या परत खाली बसल्या. सूप मांडीवर घेतलं.

पुढचं फार पटकन झालं. यमुनामावशींनी स्वतःची टोपली रिकामी केली. वहिनी घरात गेली आणि लगेच बाहेर आली, एका लुगड्याचं गाठोडं घेऊन. आईने भाकरी बांधून दिली. वहिनी बनाबाईंच्या पाया पडायला वाकली तर बनाबाईंनी पाय आखडून घेतले. "नको," म्हणाल्या. "जा."

माझ्याजवळून जाताना वहिनी थांबली. मला वाटलं आता ही मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भूत रबराचं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"बघ. आणि मी काय काय रचत बसले होते."

इथला एक तुकडा माझ्याकडे नाही. स्टँडवर काय झालं, वहिनी रडली का, गाडीत जागा मिळाली का, हे यमुनामावशींनी कधी सांगितलं नाही. तीन वाजता त्या घामाने डबडबून परत आल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि सूप घेऊन बसल्या.

शेवट सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते, म्हणजे शेवटाला त्याचा अडथळा नको. शकूवहिनी नीट पोचली. आज ती वैजापूरला असते आणि तिचे डोळे अधू झालेत, पण माझ्याहून जोरात हसते. पुढच्या आठवड्यापासून आईच्या विड्या छाट निघायला लागल्या, अर्ध्याच्या वर. ती परत आणून माझ्यासमोर ओतायची आणि म्हणायची, मोड आणि पुन्हा वळ. दोन महिन्यांनी आई आणि बनाबाई दोघी ठाण्यात जाऊन आपापला जबाब पुन्हा देऊन आल्या. त्या केसचं काय झालं ती निराळी आणि फार लांबलेली गोष्ट आहे. तिच्यात माझं काही नाही.

माझं त्या बुधवारपुरतंच आहे. आणि तो बुधवार चार वाजता संपला नव्हता.

सुदामभाऊ आला. ओट्यावर आम्हाला बघून हसला. "काय मावशी, काम जोरात? रत्ना, गणिताचं काय झालं?" मग आत गेला. आम्ही चौघी वळत राहिलो. तो बाहेर आला.

"शकू कुठंय?"

"सिनेमाला गेली," बनाबाई म्हणाल्या. "तीनच्या खेळाला."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

"मला न विचारता?"

"मी पाठवली."

तो आपल्या ओट्यावर बसला. सहा वाजले. खेळ सुटला आणि माणसं गल्लीतून परत यायला लागली. गाणी गुणगुणत पोरं आली, हातात चपला घेऊन एक बाई आली, शिंप्याच्या दोन सुना आल्या. तो प्रत्येकीकडे बघत होता. शेवटची माणसं गेली आणि गल्ली मोकळी झाली. मग तो उठला. हसू आता नव्हतं. आमच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"आई, घरी चल."

"हातातलं संपवते आणि येते," बनाबाई वर न बघता म्हणाल्या.

मी त्यांच्या सुपाकडे पाहिलं. सात-आठ पानं उरली होती. फार तर पाच मिनिटांचं काम. त्यांची एकेक विडी सरळ येत होती. तो उभाच होता. एक पान संपलं. दुसरं संपलं.

आईने आपल्या सुपातली मूठभर पानं उचलली आणि न बोलता बनाबाईंच्या सुपात टाकली. थोड्या वेळाने यमुनामावशींनीही टाकली. सुदामभाऊ बघत होता. काय चाललंय ते त्याला कळत होतं आणि त्याला त्यावर बोलता येत नव्हतं. बाया विड्या वळत होत्या, एवढंच तर होतं ते.

"अजून किती वेळ?" त्याने विचारलं.

"आहेत अजून," बनाबाई म्हणाल्या.

उजेड कमी होत चालला होता. आईने मला कंदील आणायला सांगितलं. मी तो आणून मधोमध ठेवला, माझ्या जागेवर बसले, आणि माझ्या सुपातली सगळी पानं बनाबाईंच्या सुपात ओतली.